भगवानदादांचा चरित्रपट : ‘एक अलबेला’ आणि हरपलेला मूकपटकाळ

मूकपटाच्या जमान्यात पडद्यावर आलेल्या विनोदी नटाच्या आयुष्यावर चित्रपट काढणे हे हॉलिवूडला नवे नाही. बस्टर कीटन, चार्ली चॅप्लिन, लॉरेल-हार्डी अशा साऱ्यांची चरित्रे तेथे पडद्यावर येऊन गेली. मराठीत मात्र असे उदाहरण शोधायला गेले, तर नजर एकाच नावावर स्थिरावते. ते नाव म्हणजे भगवान आबाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान, अर्थात सर्वांचे भगवानदादा. त्यांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २४ जून २०१६ रोजी प्रदर्शित झाला. शेखर सरतांडेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मंगेश देसाई यांनी भगवानदादा साकारले, तर गीता बाली यांच्या छोट्या भूमिकेत विद्या बालन दिसल्या.

भगवानदादांना आजचा प्रेक्षक ओळखतो तो मुख्यतः ‘अलबेला’मुळे आणि त्यांच्या नाचामुळे. परंतु त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात मूकपटात झाली आणि त्या काळातील त्यांचे काम आज पाहायला मिळत नाही. ज्याचे मूळ चित्रपटच हाती नाहीत, अशा कलावंताचा चरित्रपट हा निव्वळ करमणुकीचा विषय उरत नाही. पुढच्या पिढ्यांसाठी तोच बहुधा पुरावा ठरतो. या दृष्टीने भगवानदादांची कारकीर्द आणि तिच्यावरील चित्रपट यांची ही ओळख.

गिरणी कामगाराचा मुलगा

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावती येथे झाला. त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला होता. म्हणजे भारतीय कथापट आणि भगवानदादा हे जवळजवळ जुळे भाऊच म्हणायचे. वडील मुंबईत कापड गिरणीत कामाला असल्याने दादांचे बालपण दादर-परळच्या कामगारवस्तीत गेले. शिक्षण बेताचेच झाले. काही काळ त्यांनीही अंगमेहनतीची कामे केली. शरीर कमावण्याची आणि कुस्तीची आवड होती आणि सिनेमाचे वेड त्याहून अधिक होते.

१९३०च्या आसपास त्यांनी मूकपटांतून लहानसहान भूमिका करण्यास प्रारंभ केला. त्यांचा पहिला चित्रपट कोणता, याविषयी नोंदींमध्येच एकवाक्यता नाही. कोठे ‘क्रिमिनल’चे नाव दिले जाते, तर कोठे १९३१ सालच्या ‘बेवफा आशिक’चे. याच वर्षी १४ मार्चला मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडदा बोलू लागला. भगवानदादा मूकपटात आले ते असे त्याच्या अखेरच्या घटका भरत असताना. १९३४च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’मधून ते बोलपटात आले. १९३८मध्ये चंद्रराव कदम यांच्यासमवेत ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित करून त्यांनी दिग्दर्शनातही पाऊल टाकले.

मूकपटाची शाळा

मूकपटातील विनोदी नटाजवळ शब्दांची कुबडी नव्हती. चालणे, पडणे, अडखळणे, डोळे मोठे करणे, खांदे उडवणे, एवढ्याच भांडवलावर त्याला पिटातल्या प्रेक्षकाला हसवावे लागे. शिवाय विनोद आणि साहस यांच्यातील अंतर तेव्हा फार कमी होते. कीटन कोसळत्या घराखाली उभा राहतो तेव्हा श्वासही रोखला जातो आणि हसूही येते. आपल्याकडे मास्टर विठ्ठल यांच्यासारखे नट मारधाडीच्या मूकपटांचे राजे होते, तर डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांची छाप अनेक तरुण नटांवर पडली होती. कमावलेले शरीर आणि विनोदाची जाण असलेल्या भगवानदादांना ही शाळा मानवली.

पुढे रंगीबेरंगी फेटे, सूट आणि आवाजाची साथ मिळाल्यावरही त्यांचा अभिनय शरीरातूनच बोलत राहिला. त्यांचा प्रसिद्ध नाच हा याचा उत्तम नमुना आहे. पाय जागेवरून फारसे हलत नाहीत. हात किंचित वर, कोपरे सैल, खांद्यांना हलका झोका आणि चेहऱ्यावर मिश्कील, काहीसा लाजरा भाव. कोणत्याही शास्त्रीय परंपरेत न बसणारा हा नाच कोणालाही जमतो आणि म्हणूनच तो सगळ्यांचा झाला. अमिताभ बच्चन, गोविंदा, मिथुन चक्रवर्ती यांच्या नाचात त्याचे धागे दाखवले जातात. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत बँडच्या तालावर तो आजही नाचला जातो. नाचणाऱ्याला भगवानदादांचे नाव ठाऊक असतेच असे मात्र नाही.

पिटातला प्रेक्षक

१९३८ ते १९४९ या काळात भगवानदादांनी कमी खर्चाच्या, मारधाडीच्या आणि विनोदी चित्रपटांची मालिकाच उभी केली. १९४२मध्ये त्यांनी जागृती पिक्चर्स ही निर्मितीसंस्था काढली आणि १९४७मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. मधल्या काळात ‘जयक्कोडी’ व ‘वनमोहिनी’ हे तामिळ चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केले. याच चित्रपटांनी पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर या तरुणाला स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी दिली. हाच तरुण पुढे सी. रामचंद्र म्हणून ख्यातनाम झाला. १९४२च्या ‘सुखी जीवन’मधून भगवानदादांनीच त्यांना हिंदीतही आणले. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

या चित्रपटांची दखल प्रतिष्ठित समीक्षेने फारशी घेतली नाही. त्यांचा प्रेक्षक स्वस्त तिकिटाचा, दिवसभर साच्यापुढे उभे राहून संध्याकाळी दोन घटका विसावा शोधणारा होता. हा वर्ग केवळ मुंबईच्या गिरणगावात नव्हता. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांनी खानदेशातही कापूस पिकवणाऱ्या मुलखाच्या मध्यावर गिरणी कामगारांची वस्ती वसवली होती. अशा वस्त्यांना उंची संवादांपेक्षा चटकन समजणारी गोष्ट, दणदणीत हाणामारी आणि खळखळून हसवणारा आपल्यातलाच नायक हवा असे. भगवानदादा स्वतः गिरणी कामगाराचे पुत्र असल्याने हा प्रेक्षक त्यांना पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. त्या गिरण्यांचे भोंगे पुढे बंद पडले आणि त्या प्रेक्षकाने पाहिलेले चित्रपटही गेले.

‘अलबेला’चे यश

मारधाडीच्या चित्रपटांतून बाहेर पडून सामाजिक आशयाचा चित्रपट काढा, असा सल्ला राज कपूर यांनी भगवानदादांना दिला, असे सांगितले जाते. त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ साकारला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही भगवानदादाच. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे आणि गीते राजेंद्र कृष्ण यांची. गरीब घरातील, नाटकाचे वेड असलेला प्यारेलाल घरच्यांच्या बोलण्याने दुखावून बाहेर पडतो आणि नामवंत नट होऊनच परततो, अशी ही कथा. परळच्या चाळीतून आलेल्या भगवानदादांच्या वाटचालीशी तिचे साम्य उघड आहे.

देखण्या नायकांच्या काळात ठेंगणा, स्थूल, साध्या चेहऱ्याचा नट नायक म्हणून स्वीकारला जाणे सोपे नव्हते. गीता बाली यांच्यासारख्या त्या काळच्या आघाडीच्या अभिनेत्रीने त्यांच्यासमवेत तितक्याच उत्साहाने काम केले, याचे मोल मोठे आहे. सी. रामचंद्र यांनी लोरीपासून पाश्चात्त्य ठेक्यापर्यंत सर्व ढंग या चित्रपटात वापरले. ‘शोला जो भडके’सारखी गाणी घराघरांत पोहोचली. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. ‘अलबेला’ त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला.

चित्रपट ‘एक अलबेला’

शेखर सरतांडेल यांच्या चित्रपटाने भगवानदादांच्या दीर्घ कारकिर्दीतून नेमकी हीच चढण निवडली. कामगारवस्तीतील मुलाचे सिनेमावेड, मारधाडीच्या चित्रपटांतील धडपड आणि ‘अलबेला’ची घडण यांवर चित्रपटाचा भर आहे. नावातच ते सूचित होते. मंगेश देसाई यांच्यापुढचे आव्हान दुहेरी होते. शरीरयष्टी आणि चेहरेपट्टीत साम्य आणणे हा त्यातील सोपा भाग होता. भगवानदादांचा तो सैल, न शिकलेला वाटणारा नाच शिकून करणे हे खरे अवघड काम होते. कारण जाणीवपूर्वक केलेली नक्कल चटकन उघडी पडते. देसाई यांच्या कामाची प्रशंसा झाली ती प्रामुख्याने यामुळे. ‘अलबेला’तील गाणी विद्या बालन यांच्यासह पुन्हा चित्रित करण्यात आली. हिंदी पडद्यावरील नामवंत अभिनेत्रीने मराठी चित्रपटात केलेल्या या पदार्पणामुळे त्याकडे अमराठी प्रेक्षकांचेही लक्ष वेधले गेले.

‘एक अलबेला’ येण्यापूर्वीच मराठीत कलावंतांच्या चरित्रपटांची वाट तयार झाली होती. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात नंदू माधव यांनी दादासाहेब फाळके साकारले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली होती. २०११मध्ये सुबोध भावे यांचा ‘बालगंधर्व’ आला. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने एक महत्त्वाची गोष्ट केली. फाळक्यांच्या हालअपेष्टांचे रडगाणे न गाता तिने त्यांची कथा मूकपटाच्याच खेळकर, वेगवान शैलीत सांगितली. ‘एक अलबेला’ही आपल्या नायकाला दयेचा विषय करत नाही.

जे पडद्याबाहेर उरते

दादांच्या आयुष्याची दुसरी बाजू सर्वश्रुत आहे. ‘अलबेला’नंतर आलेला ‘झमेला’ (१९५३) आणि ‘भागम भाग’ (१९५६) यांनी काही काळ साथ दिली. पुढे मात्र घडी विस्कटली. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी ही वर्णने अनेकदा केली जातात. त्यांत दंतकथेचा भाग किती हे बाजूला ठेवले, तरी हे वैभव गेले आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले, ही वस्तुस्थिती आहे. ‘हंसते रहना’ हा चित्रपट अपुरा राहिल्याने ते कर्जात बुडाले, असे सांगितले जाते. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांसारख्या चित्रपटांत त्यांच्या भूमिका होत्या. त्यानंतर मिळतील ती लहानसहान कामे आणि गाण्यातील क्षणभराचा नाच एवढेच उरले. सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि राजेंद्र कृष्ण हे मित्र चाळीतही त्यांना भेटायला येत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

याखेरीज एक प्रसंग असा आहे, की ज्याला कोणत्याही प्रामाणिक चरित्रकाराला सामोरे जावेच लागेल. १९४२च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड प्रत्यक्षात इतकी जोरात बसली, की त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटापासून पडद्यावर होत्या आणि नायिका म्हणून नाव कमावून होत्या. दीर्घ उपचारांनंतर त्या परतल्या त्या खाष्ट सासू आणि चरित्रभूमिकांसाठी. त्यांनी त्यातूनही ‘अनाडी’सारख्या चित्रपटांत अविस्मरणीय काम केले, हे त्यांचे कर्तृत्व आहे. अंगावर घेऊन केलेले खरेखुरे प्रसंग हे त्या काळच्या चित्रीकरणाचे वैशिष्ट्य म्हणून कौतुकाने सांगितले जाते. त्याची किंमत कोणी मोजली, हेही त्याच वेळी सांगायला हवे. आनंदी नायकाच्या चरित्रात असा प्रसंग बसवणे कठीण असते, पण तो वगळला तर चरित्र अपुरे राहते.

परदेशातील तीन उदाहरणे

विनोदवीराच्या चरित्रपटापुढील ही अडचण सार्वत्रिक आहे. १९५७ सालच्या ‘द बस्टर कीटन स्टोरी’चे दिग्दर्शन सिडनी शेल्डन यांनी केले होते. पुढे कादंबरीकार म्हणून आपल्याकडेही घरोघरी पोहोचले ते हेच. डोनाल्ड ओकॉनर यांनी कीटन रंगवला. स्वतः कीटन तेव्हा हयात होते, तरीही चित्रपटाने त्यांच्या आयुष्यातील घटनांची मनमानी मोडतोड केली आणि तो त्यासाठीच टीकेचा धनी झाला.

१९९२चा ‘चॅप्लिन’ हा ‘गांधी’कार रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा. चॅप्लिनचे आत्मचरित्र आणि डेव्हिड रॉबिन्सन यांनी लिहिलेले चरित्र यांवर तो आधारलेला होता. रॉबर्ट डाऊनी ज्युनिअर यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन आणि ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला. चॅप्लिनच्या आईची भूमिका चॅप्लिनची कन्या जेराल्डिन यांनी केली, म्हणजे त्यांनी आपल्याच आजीला पडद्यावर आणले. मात्र संपूर्ण आयुष्य एका चित्रपटात कोंबण्याच्या प्रयत्नात चॅप्लिनचा विनोद कोठून येतो हे पुरेसे कळत नाही, अशी टीका त्यावर झाली. २०१८च्या ‘स्टॅन अँड ऑली’ने ही चूक टाळली. लॉरेल-हार्डी यांच्या १९५३च्या ब्रिटन दौऱ्याभोवतीच तो फिरतो. दोन थकलेले नट आणि त्यांची मैत्री एवढाच त्याचा पट आहे आणि म्हणून तो मनाला भिडतो.

या तिन्ही चित्रपटांतील चूक-बरोबर प्रेक्षकाला तपासता येते. चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डी यांचे बहुतेक मूळ चित्रपट जतन झालेले आहेत आणि ते सहज पाहता येतात. भगवानदादांच्या बाबतीत ही सोय नाही. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत, त्यांतीलही बरेचसे अपुरे आहेत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर उशीर झालेला होता. पी. के. नायर यांनी अथक धडपडीने फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवले. पण मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांची रिळे जपून ठेवावीत असे कोणाला वाटले नव्हते. भगवानदादांच्या ‘अलबेला’पूर्वीच्या चित्रपटांपैकी बहुतेक मुंबईत गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्याचे सांगितले जाते.

खानदेशच्या वेशीवर

कामगारवस्ती, स्वस्त विरंगुळा आणि विनोद यांचे हे नाते खानदेशाच्या वेशीवर अलीकडच्या काळातही पाहायला मिळाले. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या अलीकडे असलेल्या मालेगावात यंत्रमाग कामगारांना घेऊन नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’सारखी गाजलेल्या चित्रपटांची विनोदी रूपे अत्यल्प खर्चात तयार केली. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ती देशाबाहेर नेली. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा कृश अंगाचा यंत्रमाग कामगार होता. पुढे कर्करोगाने त्याचे निधन झाले.

याच मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला आणि वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्यात नासिरची भूमिका आदर्श गौरव यांनी, तर शफीकची शशांक अरोरा यांनी केली. चित्रपटातील तरुण नासिर व्हिडिओ पार्लरमध्ये कीटनचे मूकपट दाखवतो, हा तपशील बोलका आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी मूकपटातील धडपडणारा, पडून पुन्हा उठणारा माणूस मालेगावच्या तरुणाला आपला वाटतो, कारण त्याला भाषेची गरज नसते. परळच्या वस्तीतून आलेल्या भगवानदादांचा विनोदही याच जातीचा होता. फरक एवढाच, की मालेगावच्या कलावंतांवर माहितीपट झाला तेव्हा ते काम करत होते. त्यांचे हसणे-धडपडणे कॅमेऱ्याने टिपून ठेवले. भगवानदादांच्या तरुणपणाला असा साक्षीदार मिळाला नाही.

म्हणूनच ‘एक अलबेला’चे मूल्यमापन निव्वळ चित्रपट म्हणून करून भागत नाही. त्यातील प्रत्येक दृश्य हरवलेल्या रिळांच्या जागी उभे आहे. उद्याचा प्रेक्षक भगवानदादांचा मूकपटकाळ त्यातूनच डोळ्यांसमोर आणणार. त्यासाठी चरित्रपटाला दोन गोष्टी साधाव्या लागतात. नायकाच्या पडझडीपेक्षा त्याच्या कलेला अधिक जागा द्यावी लागते आणि त्याच्या हातून झालेल्या चुकाही झाकून ठेवता येत नाहीत. पहिली गोष्ट या चित्रपटाने मनापासून केली. उरलेले काम अभ्यासकांचे, संग्राहकांचे आणि ज्यांच्या घरी जुने फोटो, पुस्तिका, जाहिराती अजून पडून आहेत अशा सामान्य चित्रपटरसिकांचेही आहे. एखाद्या बंद चित्रगृहाच्या अडगळीत सापडलेला एक जुना डबा चरित्रकाराच्या शंभर पानांपेक्षा अधिक सांगून जातो, हे फाळक्यांच्या बाबतीत सिद्ध झालेच आहे.

दृष्टिक्षेपात भगवानदादा

१९१३ : अमरावती येथे जन्म
१९३१च्या सुमारास : मूकपटांतून पदार्पण
१९३४ : ‘हिम्मत-ए-मर्दां’द्वारे बोलपटात
१९३८ : ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शन
१९४२ : जागृती पिक्चर्सची स्थापना
१९४७ : चेंबूरला जागृती स्टुडिओ
१९५१ : ‘अलबेला’ प्रदर्शित
१९५३ : ‘झमेला’
१९५६ : ‘भागम भाग’
२००२ : मुंबईत निधन
२०१६ : चरित्रपट ‘एक अलबेला’ प्रदर्शित